शेतातल्या लग्नाचे छायाचित्रण: मांडव घालण्याआधीपासून अल्बम हाती देईपर्यंत

साताऱ्याकडच्या एखाद्या आमराईत वैशाखातले लग्न आहे. पाहुणे दोनशेच्या आत आहेत, स्टेज नाही, शुभेच्छा द्यायला लागणारी रांग नाही, आणि नवरा-नवरी दोघांनीही आधीच सांगून ठेवले आहे, ‘‘आम्हाला उभे करून काढलेले फोटो फारसे नकोत, लग्न जसे होईल तसे टिपा.’’ ऐकायला हे काम सोपे वाटते; प्रत्यक्षात ते कार्यालयातल्या लग्नापेक्षा अवघड असते, कारण कार्यालयात दिवे, पडदा, बोहले आणि माणसांची ये-जा यांची जागा आधीच ठरलेली असते आणि छायाचित्रकाराला फक्त तिथे जाऊन उभे राहायचे असते. शेतात उजेड दर तासाला बदलतो, वारा अंतरपाट उडवतो, आणि मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. अनेक वर्षे अशी लग्ने टिपल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे: अशा लग्नाचे निम्मे छायाचित्रण मांडव घालण्यापूर्वी होते. जागा आणि वेळ यांची बोलणी आधी नीट झाली असतील, तर लग्नाच्या दिवशी कोणालाही न थांबवता, न हलवता काम करता येते. ती झाली नसतील, तर कितीही महागडा कॅमेरा असला तरी दिवसभर माणसांना ‘‘जरा इकडे या’’ म्हणत राहावे लागते, आणि लग्नाचा मोकळेपणा तिथेच संपतो.

पुढील उदाहरणे पश्चिम महाराष्ट्रातील आहेत. कोकणात, मराठवाड्यात किंवा विदर्भात विधींची नावे आणि क्रम थोडे बदलतील, पण प्रकाशाचे हिशेब तेच राहतील.

जागेची पाहणी

लग्नाच्या किमान पंधरा दिवस आधी, आणि शक्य असेल तर मुहूर्ताच्याच वेळी, जागेवर जाऊन यावे. सकाळी पाहिलेली आमराई आणि दुपारची आमराई या छायाचित्रकाराच्या दृष्टीने दोन वेगळ्या जागा असतात. मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारी अ‍ॅप आहेत आणि ती उपयोगीही आहेत, परंतु त्यांना समोरचा डोंगर दिसत नाही. वाई, भोर, मुळशी यांसारख्या डोंगरांच्या कुशीतल्या गावांत पश्चिमेला उंच डोंगर असेल, तर पंचांगातल्या सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधीच ऊन निघून जाते. ‘संध्याकाळी साडेसहाला फोटो काढू’ असे ठरवून ठेवलेल्या माणसाला सहा वाजता सावलीत उभे राहण्याची वेळ येते, म्हणून एक संध्याकाळ तिथे थांबून ऊन नेमके कधी सरते ते घड्याळात पाहून वहीत लिहून ठेवावे.

झाडाची सावली पाहताना पानाचा आकार पाहावा. आंबा, वड, फणस, जांभूळ यांची सावली दाट आणि सलग असते. चिंच, बाभूळ, गुलमोहर यांची पाने बारीक असल्यामुळे त्यांच्याखाली कवडसे पडतात, आणि नवरीच्या एका गालावर ऊन व दुसऱ्यावर सावली असा फोटो नंतर संगणकावर नीट सुधारता येत नाही. जमिनीकडेही पाहावे. तांबड्या मातीवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर खालून तांबूस झाक आणतो, हिरवळ हिरवट झाक आणते, तर चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत जवळ असेल तर तिच्यासारखा स्वच्छ आणि फुकटचा रिफ्लेक्टर दुसरा नाही. जुन्या वाड्याची किंवा शाळेची अशी एखादी भिंत गावात असतेच. ती आधी हेरून ठेवावी.

एक गोष्ट मात्र छायाचित्रणाच्या पलीकडची आहे, आणि ती पाहण्यात मुळीच हयगय करू नये. मोठ्या वडावर, पिंपळावर किंवा जुन्या आंब्यावर आग्या मोहोळ असू शकते. होमाचा धूर, फटाके किंवा झाडाजवळ घिरट्या घालणारा ड्रोन यांमुळे ते उठले, तर लग्नघरात हाहाकार होतो. मान वर करून प्रत्येक फांदी न्याहाळावी, आणि मोहोळ दिसले तर यजमानांना त्याच दिवशी सांगून मांडवाची जागा बदलायला लावावी. छायाचित्रकाराने यात कशाला पडायचे, असा विचार करू नये. झाडाकडे इतक्या बारकाईने पाहणारा त्या दिवशी बहुधा तो एकटाच असतो.

मांडवाचे कापड

‘‘काका, मांडवाला वरून कोणते कापड लावणार आहेत?’’ हा प्रश्न मी आता वधूपित्याला पहिल्याच भेटीत विचारतो, आणि तो विचारायला मला एका चुकीने शिकवले. काही वर्षांपूर्वी माण तालुक्यातील एका लग्नाला मी सकाळी पोचलो, तेव्हा मांडवावर हिरवी शेडनेट ताणलेली होती. पॉलिहाऊस आणि रोपवाटिका यांमुळे ती गावोगाव सहज मिळते, स्वस्त असते आणि ऊनही अडवते, त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हते. परंतु त्या जाळीतून गाळून आलेला सगळा उजेड हिरवा होता. मामाने आणलेल्या अष्टपुत्रीचा पिवळा रंग पोपटी दिसू लागला, चेहरे आजारी माणसासारखे दिसू लागले, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणारी सोय) बदलून हिरवा रंग काढावा तर मांडवाच्या कडेला साध्या उन्हात उभे असलेले पाहुणे गुलाबी होत होते. एकाच चित्रात दोन रंगांचे उजेड असले की दोन्ही एकदम सुधारत नाहीत. त्या लग्नातील विधींची बहुतेक छायाचित्रे मला शेवटी कृष्णधवल करून द्यावी लागली. त्या मुलीने तक्रार केली नाही, पण तिच्या हिरव्या चुड्याचा आणि शालूचा रंग मी तिला देऊ शकलो नाही, याची खंत मला अजून आहे.

लाल, केशरी आणि गडद निळ्या कापडाचेही असेच होते. म्हणून मांडववाल्याशी थेट बोलून, निदान बोहल्याच्या वर तरी, पांढरे मांजरपाट किंवा पांढरे सिलिंगचे कापड लावायला सांगावे. भर दुपारचे कडक ऊन त्यातून गाळून आले की मऊ होते आणि चेहऱ्यावर सारखे पसरते. उंची बारा फुटांपेक्षा कमी नसावी. कोकणात माडाच्या झावळ्यांचा मांडव असतो. तो दिसायला अतिशय सुंदर असतो, पण त्यातून कवडसे पडतात, तेव्हा झावळ्या तशाच ठेवून त्यांच्याखाली बोहल्यापुरते पांढरे कापड ताणावे. शेडनेट लावणे भागच असेल, तर पांढरी जाळीही मिळते, ती मागवावी. आंब्याच्या डहाळ्या, झेंडूच्या माळा, केळीचे खुंट यांचे रंग कडेला हवे तितके येऊ द्यावेत; डोक्यावर मात्र पांढरेच असावे.

मांडवाच्या दिशेबद्दल दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली म्हणजे बोहल्याच्या मागे दाट झाडी किंवा घराची भिंत यावी. मांडवातील उजेड बाहेरच्या उन्हापेक्षा तीन-चार स्टॉपने कमी असतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे मागे उघडे रान असेल तर चेहरे नीट दिसतील असे एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायच्या उजेडाचे प्रमाण, ठेवल्यावर पार्श्वभूमी पांढरीफटक पडते. दुसरी गोष्ट गुरुजींना विचारायची. होमाच्या वेळी वधू-वर बहुधा पूर्वाभिमुख बसतात, म्हणजे सकाळचे विधी असतील तर ऊन तोंडावर येऊन डोळे मिचकावले जातात, आणि दुपारनंतरचे असतील तर उजेड पाठीमागून येतो. हे आधी कळले की पूर्वेच्या बाजूला पडदा हवा की ती बाजू उघडी हवी, ते ठरवता येते. ‘‘गुरुजी, बसण्याची दिशा आपण सांगाल तीच राहील, फक्त मला आधी कळू द्या,’’ असे विचारले तर आजवर एकाही गुरुजींनी मला नाही म्हटलेले नाही. उलट कोणता विधी किती वेळ चालेल हेही त्यांनी आपणहून सांगितले आहे.

मुहूर्त आणि सूर्य

आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या आसपासचा मुहूर्त फार असतो. घड्याळात दुपार बाराला होत असली, तरी पुणे-सातारा भागात सूर्य माथ्यावर येतो तो मे महिन्यात साधारण साडेबाराला, कारण भारतीय प्रमाणवेळ बरीच पूर्वेच्या रेखांशावरून घेतलेली आहे. त्यातही मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कोल्हापूर ते पुणे या पट्ट्यात शून्य सावलीचे दिवस येतात, म्हणजे ऐन मुहूर्तावर सूर्य सरळ डोक्यावर असतो. अशा उन्हात उघड्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर येते आणि फेट्याखालचा नवऱ्याचा चेहरा दिसतच नाही. तेव्हा वैशाखातल्या दुपारच्या मुहूर्ताला मांडव किंवा दाट सावली यांना पर्याय नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या मार्गशीर्षातल्या लग्नांची गोष्ट वेगळी असते. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य साधारण ४८ अंशांपर्यंतच चढतो आणि दक्षिणेकडे राहतो. मांडवाची उत्तरेकडची बाजू उघडी ठेवली, तर तिकडून दिवसभर मऊ उजेड मिळतो.

मुहूर्ताबाबत घरचे अजून विचारात असतील आणि तुमचे मत घेत असतील, तर गोरज मुहूर्त सुचवावा. सूर्यास्ताच्या सुमाराचा तो तिरपा, सोनेरी उजेड, गुरे परतताना उडालेली धूळ आणि मंगलाष्टके संपताना लागलेले दिवे यांची बरोबरी कोणत्याही कृत्रिम प्रकाशयोजनेला येत नाही. धोका इतकाच, की हा उजेड अर्ध्या-पाऊण तासाचाच असतो आणि वरात तेवढा उशीर सहज करते, म्हणून बोहल्यावर पुरेसे पिवळसर, एकाच रंगाचे दिवे आधीच बांधून घ्यावेत. चमकणाऱ्या रंगीत एलईडी माळा बोहल्यावर नकोत. त्या प्रवेशद्वारावर लावाव्यात.

सामान

दोन कॅमेरे असावेत. एकावर ३५ मिमी (रुंद दृश्यासाठी) आणि दुसऱ्यावर ८५ मिमी (चेहऱ्यांसाठी) लेन्स लावलेली असावी, आणि दिवसभर त्या शक्यतो बदलू नयेत, कारण शेतातली धूळ आणि हळदीची पूड सेन्सरवर बसली की लग्न संपेपर्यंत प्रत्येक आकाशात डाग दिसतात. लांबून टिपण्यासाठी ७०-२०० मिमी सोबत ठेवावी. दोन कार्डांवर एकदम लिहिणारा कॅमेरा असेल तर तोच घ्यावा आणि चित्रे रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये, घ्यावीत. वीज जाईल असे गृहीत धरून बॅटऱ्या दुप्पट न्याव्यात. गावात मोबाइलला रेंज नसेल तर नकाशा आधी उतरवून घ्यावा, आणि वधूच्या भावाचा व मांडववाल्याचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. बोहल्यावर चपला घालून चढता येत नाही आणि मे महिन्यात बाहेरची जमीन पोळते, तेव्हा चटकन काढता-घालता येतील अशा चपला आणि जाड मोजे ही माझ्या दृष्टीने लेन्सइतकीच महत्त्वाची वस्तू आहे. कपडे साधे आणि फिक्या रंगाचे असावेत.

ड्रोन हवा असल्यास तो भाग हवाई क्षेत्राच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यात येतो की नाही हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर तपासावे आणि व्यावसायिक उड्डाणाचे नियम पाळणारा माणूसच बोलवावा. मंगलाष्टके चालू असताना तो उडवू नये. त्या घरघरीने गुरुजींचा आवाज बुडतो, आणि मिळते ते छायाचित्र बहुधा मांडवाच्या कापडाचे असते. वरातीचे आणि शेताचे एक-दोन दृश्य पुरे.

आदला दिवस आणि हळद

मुक्कामाला आदल्या दुपारीच जावे. पैशांच्या हिशेबात हा अर्धा दिवस अनेक जण वगळतात, पण मोकळ्या लग्नाची सर्वांत खरी छायाचित्रे याच वेळी मिळतात. मुहूर्तमेढ, देवक बसवणे, जात्यावर हळद दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्या, चुलाणे पेटवणारा आचारी, शेजारणींनी मिळून केलेली फुलांची गुंफण, हे सगळे कोणी कॅमेऱ्यासाठी करत नसते. शिवाय संध्याकाळी ओसरीवर बसून चहा घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी परका राहत नाही. पहिल्या तासात कॅमेरा गळ्यात असू द्यावा, डोळ्याला लावू नये. माजघरात उजेड कमी असतो. तिथे फ्लॅश मारण्यापेक्षा दारातून किंवा गवाक्षातून येणाऱ्या उजेडाच्या बाजूला आपण सरकावे, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत खुशाल न्यावा आणि जात्याच्या खुंट्यावर एकावर एक आलेल्या हातांवर फोकस करावा.

हळदीला तीन गोष्टी सांभाळाव्यात. व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर पक्का करावा, कारण स्वयंचलित व्हाइट बॅलन्सला इतका पिवळा रंग दिसला की तो चित्र निळसर करून टाकतो. उन्हात हळद लागलेल्या चेहऱ्याचा लाल रंग आधी फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे नाहीसे होतात, आणि एकत्रित हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखात) ते कळत नाही. म्हणून लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख पाहून एक्सपोजर थोडे खाली ठेवावे. तिसरी गोष्ट म्हणजे वारा पाठीवर घेऊन उभे राहावे. लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर लावावा आणि हळद उडाली तर बोटाने पुसू नये, आधी ब्लोअरने फुंकावी. उडवाउडवी सुरू झाली की शटर १/८०० सेकंदाच्या वर असावे. त्यातही खरे टिपण्यासारखे असते ते पहिले बोट, आईने किंवा थोरल्या जावेने अगदी हलक्या हाताने पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला लावलेले. तो दीड मिनिटांचा शांत भाग गोंधळ सुरू होण्याआधीच होऊन जातो.

अंतरपाट

या दिवसाचा एकच क्षण असा आहे, जो हुकला तर पुन्हा मागता येत नाही, आणि म्हणून त्याची तयारी सविस्तर करावी. मुहूर्ताच्या वीस मिनिटे आधी बोहल्यावर जाऊन, कोणाला तरी नवरीच्या जागी उभे करून एक्सपोजर ठरवावे आणि मॅन्युअलवर पक्के करावे. ऐन उन्हात आयएसओ १०० आणि एफ २.८ (लेन्सचे छिद्र बरेच उघडे; आकडा वाढला की छिद्र लहान) असता शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास जाते. पांढऱ्या कापडाखाली ते १/४०० ते १/२०० पर्यंत उतरते, म्हणून आयएसओ ४०० पर्यंत वाढवून १/८०० मिळवावे. नवऱ्याचे पांढरे उपरणे आणि शालूची जर यांना मीटर फसते आणि चेहरे काळवंडतात. सावळ्या चेहऱ्यांचा खरा, तजेलदार रंग यायचा तर मोजमाप चेहऱ्यावरूनच घ्यावे. चेहरे उगाच गोरे करण्याची सवय या धंद्यात फार आहे आणि ती मला मुळीच पटत नाही.

तुम्ही दोघे असाल तर एकाने नवऱ्याच्या खांद्यामागून नवरीकडे पाहावे आणि दुसऱ्याने उलट बाजूने. एकटे असाल तर अंतरपाटाच्या रेषेतच, बाजूला, ३५ मिमी घेऊन उभे राहावे. पडद्याची कड मधोमध येते आणि दोन्हीकडचे चेहरे एकाच चौकटीत दिसतात. अंतरपाट धरणाऱ्यांना आधी विनंती करावी, ‘‘दादा, वारा आहे, खालची कडही धरा.’’ मागे मामा उभे असतात, करवली कऱ्हा घेऊन असते. त्यांना हलवू नये, आपणच जागा शोधावी.

मंगलाष्टकांची कडवी हा छायाचित्रकाराला मिळालेला वेळेचा हिशेब असतो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘शुभमंगल सावधान’ होते आणि अक्षता पडतात. पहिल्या दोन-तीन वेळा आपण वधू-वरांकडे पाठ करून पाहुण्यांकडे वळावे: मूठ आवळून वाट पाहणारी लहान मुले, मागून नेम धरणारे मित्र, ज्वारीच्या रंगीत अक्षता तळहातावर जपून धरलेल्या आजी. दाणे हवेत थांबलेले हवे असतील तर १/१००० सेकंद ठेवावे. पावसासारख्या रेघा हव्या असतील तर १/१२५. नंतर मात्र फिरू नये. ‘तदेव लग्नं’ ऐकू आले की शेवटचे कडवे सुरू झाले असे समजावे, कॅमेरा नवरीच्या डोळ्यांवर सततच्या फोकसवर ठेवावा आणि श्वास रोखावा.

वाईजवळच्या एका लग्नात मी या क्षणी नवऱ्याच्या खांद्यामागे होतो. नवरी मान खाली घालून उभी होती, मुंडावळ्यांची टोके वाऱ्याने तिच्या ओठांशी येत होती आणि ती ती फुंकरीने बाजूला करत होती. अंतरपाट वरून न ओढता एका बाजूने सरकला, तेव्हा आधी तिचा हार धरलेला हात दिसला, मग नथ, मग डोळे. ती हसली नाही. क्षणभर तिने फक्त समोर पाहिले आणि एक मोठा श्वास सोडला. हसू त्यानंतर दोन सेकंदांनी आले, वाजंत्री सुरू झाल्यावर, आणि तेव्हा सगळ्यांचेच मोबाइल वर होते. तिच्या आईने भिंतीवर लावायला निवडलेले छायाचित्र त्या श्वासाचे आहे. म्हणूनच अंतरपाट दूर होण्याच्या आधीपासून शटर दाबलेले असावे आणि टाळ्या वाजल्यावरही ते लगेच सोडू नये.

शक्य असेल तर शांत शटर वापरावे. कन्यादानाच्या वेळी आई-वडिलांच्या कानाशी खटखट करणे हा त्या घराचा अपमान आहे, असे मी मानतो.

पुढचे विधी, गट आणि पंगत

अक्षता पडल्या की निम्मा गाव पंगतीकडे जातो आणि बोहल्यावर घरची माणसे उरतात. छायाचित्रकाराला हे फार सोयीचे असते. लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो, तिथे गुडघ्यावर बसून ओंजळीच्या उंचीवर कॅमेरा न्यावा. धूर पाठीमागच्या उजेडात घेतला की त्याला आकार येतो, समोरच्या उजेडात तो नुसता धुरकटपणा होतो. सप्तपदीला तांदळाच्या सात राशी आणि पाऊल, एवढेच पुरते. कानपिळीचे छायाचित्र कानाचे घेऊ नये. त्या वेळी नवरीचा चेहरा पाहावा.

ज्यांना उभे करून काढलेले फोटो नको आहेत, त्यांच्याही घरात गटाची छायाचित्रे लागतातच, कारण सगळे नातेवाईक पुन्हा एकत्र कधी येतील हे कोणी सांगू शकत नाही. ती कमी वेळात आणि चांगली व्हावीत यासाठी दोघांकडून आधीच बारा-पंधरा गटांची यादी लिहून घ्यावी आणि दोन्हीकडची माणसे ओळखणाऱ्या, आवाज असलेल्या एका नातेवाइकाकडे ती द्यावी. बहुतेक घरांत हे काम आत्या उत्तम करतात. ‘‘आत्या, आधी दोन्हीकडच्या आजी-आजोबांना घेऊन येता का?’’ म्हणजे वृद्धांना उन्हात ताटकळावे लागत नाही. दाट सावलीत, सावलीच्या कडेशी पण आत, सगळ्यांची तोंडे उघड्या आकाशाकडे करून उभे करावे. दोन-तीन ओळी असतील तर एफ ५.६ ते ८ ठेवावे आणि पुढच्या ओळीतील वृद्धांना खुर्च्या द्याव्यात. प्रत्येक गटाला चार-पाच चित्रे घ्यावीत, कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. पाऊण तासात हे संपले पाहिजे.

पंगतीत कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीलगत आणावा. खाणाऱ्यांची तोंडे टिपू नयेत. ती कोणालाच आवडत नाहीत. वाढपी येण्यापूर्वीची रिकाम्या पत्रावळींची रांग, मठ्ठ्याचा जग, जिलबीचा आग्रह आणि पत्रावळीवर आडवा धरलेला हात, नवरा-नवरीच्या घासाच्या वेळी उखाणा आठवताना वर गेलेले डोळे, यांत सगळी पंगत येते.

संध्याकाळची वीस मिनिटे

दोघांची म्हणून जी छायाचित्रे हवीत, त्यांच्यासाठी ऊन सरण्यापूर्वीची वीस मिनिटे मागून घ्यावीत, जास्त मागू नयेत. डिसेंबरात पुणे-सातारा भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेच्या मध्यात सातच्या सुमारास. त्यातून डोंगराचा वेळ वजा करावा. त्यांना कसे उभे राहा हे सांगण्यापेक्षा काही काम द्यावे: बांधावरून विहिरीपर्यंत चालत जा, पाटाच्या पाण्यात पाय बुडवा, लहानपणी चढत होतात ते झाड त्याला दाखव. तुम्ही ८५ मिमी किंवा ७०-२०० मिमी घेऊन पंचवीस-तीस पावलांवर राहावे, म्हणजे त्यांचे बोलणे तुम्हाला ऐकू येत नाही आणि त्यांना ते ठाऊक असते. सूर्य त्यांच्या मागे ठेवला की केसांना आणि शालूच्या काठाला उजेडाची कड येते. चेहऱ्यासाठी एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वाढवावे. मार्गशीर्षात उभी ज्वारी आणि ऊस असतो, फाल्गुनात पळस फुललेला असतो, वैशाखात नांगरलेली काळी ढेकळे आणि पाडाला आलेले आंबे असतात. त्या ऋतूत शेत जसे असते तसेच ते चित्रात येऊ द्यावे, वैशाखात हिरवळ शोधत फिरू नये. पिकात शिरण्यापूर्वी शेताच्या मालकाला विचारावे.

पाठवणीच्या वेळी मागे सरावे. फ्लॅश बंद ठेवावा, लांबची लेन्स लावावी, आणि रडणाऱ्या चेहऱ्यांपेक्षा निरोप देणारे हात शोधावेत: पाठीवर फिरणारा वडिलांचा हात, ओटीत सरकवलेला नारळ, गाडीची काच वर होईपर्यंत न सुटलेली बोटे. इथे आठ-दहा चित्रे पुरेशी असतात.

नंतरचे काम

त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, सर्व कार्डे लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावीत, आणि प्रवासात हार्ड डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. अल्बम हाती देईपर्यंत कार्डे पुसू नयेत. निवड करताना एका दिवसाच्या लग्नाची पाचशे ते सातशे चित्रे पुरेशी होतात. रंग सुधारताना आधी एक चित्र पूर्ण करावे, ज्यात नवरीचा चेहरा, पिवळी साडी आणि हिरवा चुडा तिन्ही आहेत. ते तिघेही खरे दिसले की बाकीची चित्रे त्याला जुळवावीत. समाजमाध्यमांवर काहीही टाकण्यापूर्वी दोन्ही घरांची परवानगी घ्यावी, आणि अंगणात हळदीला जमलेल्या बायकांची विशेषतः वेगळी घ्यावी.

अल्बमला दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत घरातल्या वृद्धांनी वाट पाहू नये, म्हणून मी पंधरा दिवसांच्या आत पाच बाय सात आकाराचे वीस-पंचवीस छापील फोटो पाकिटात घालून गावच्या पत्त्यावर पाठवतो. त्यात गटाचे तीन-चार, आजी-आजोबांचे प्रत्येकी एक, आणि आचारी, वाजंत्री व मांडव बांधणाऱ्या माणसांचे एकेक असते. मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहिलेली असतात, म्हणजे कोणता कोणाला द्यायचा हे वधूच्या भावाला विचारावे लागत नाही.